न बुजवलेली छिद्रे

काचेतून काही झिरपत नाही, याच भरवशावर माझ्या दवाखान्यातल्या बाटल्या उभ्या आहेत. पण १९३० च्या दशकात अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीत हुड आणि नॉर्डबर्ग यांनी बोरोसिलिकेट काच तापवून तिच्यातला बोरॉनचा भाग आम्लाने धुऊन काढला. उरली सुमारे ९६ टक्के सिलिका, आणि असंख्य सूक्ष्म छिद्रे. त्यांना ती नकोच होती. पुन्हा तापवून बुजवली, की क्वार्ट्झच्या तोडीची काच मिळे. पुढच्यांना छिद्रेच हवीशी झाली. १९९७ मध्ये सेलर, घदिरी आणि सहकाऱ्यांनी काचेचेच मूलद्रव्य असलेले सिलिकॉन सच्छिद्र करून दाखवले, की छिद्रांत रेणू अडकला म्हणजे परावर्तित प्रकाशाचे पट्टे सरकतात. २०११ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात अशा थरांवर नुसता ठसा दाबून नक्षी उठवली. खर्चिक कोरीवकाम टळले. तपासणीची फी ऐकून उठून जाणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मला तो ठसाच मोठा वाटतो.