एका शब्दाचा अर्थ, एका औषधाची किंमत

‘संदेशवहन’ हा शब्द आपण तार, टपाल, दूरध्वनी यांच्या संदर्भात वाचत आलो. जीवशास्त्राने तो पेशीसाठी उसना घेतला. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे हे बऱ्याच अंशी बाहेरून येणाऱ्या रासायनिक संदेशांवर ठरते. पेशीतील प्रथिने तो संदेश एकमेकांकडे सोपवीत केंद्रकापर्यंत नेतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ही शिस्त मोडते. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. ९ आणि २२ या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून ते तयार होते, हे १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखविले. त्यातून निर्माण होणारे बीसीआर-एबीएल हे प्रथिन, कोणी धाडलेला नसतानाही, वाढीचा निरोप अखंड देत राहते.

इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत बसून निरोप तोडते. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि हा रोग बहुसंख्य रुग्णांसाठी दीर्घकाळ ताब्यात ठेवता येण्याजोगा झाला. मात्र गोळी रोज, बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागते. नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’चा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता; भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावातल्या शेतकरी कुटुंबाला यांतील दुसरा आकडाही जडच. पहिला तर अशक्यच.

नोव्हार्टिसने औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी पेटंट मागितले. भारतीय औषध कंपन्यांबरोबरच मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही त्याला हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथे तो बव्हंशी एका शब्दावर येऊन ठेपला. २००५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने ‘परिणामकारकता’ वाढविली तरच ते पेटंटयोग्य ठरते. हे रूप शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्या. आफताब आलम व मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला : औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता; केवळ अधिक शोषण पुरेसे नाही.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मूळ शोध खरा होता, आणि भारतातील अनेक रुग्णांना ती औषध मोफत देत असे. परंतु दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते; स्वस्त औषध बाजारात असले की रुग्णाला कोणाकडे याचना करावी लागत नाही. अर्थनिर्णय हा आपण वर्गातला, ग्रंथांपुरता विषय मानतो. येथे मात्र एका विशेषणहीन शब्दाला ‘उपचारविषयक’ हे विशेषण जोडून वाचले गेले, आणि हजारो घरांतील औषध त्या वाचनावर टिकून राहिले.