फिडल आणि डोली : एका विसरलेल्या सेवेचा इतिहास

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे देवाच्या उपकारांचें स्मरण करण्याचें वर्ष. देवळाच्या भिंती, वेदी व घंटा यांची हकीकत या पुस्तिकेंत इतरत्र येईलच. आम्हांस येथें अशा एका वर्गाचें स्मरण करावयाचें आहे, ज्याचें नांव संगमरवरी पाटीवर सहसा कोरलें जात नाहीं.

नाशिकच्या शेजारीं देवळालीची छावणी आहे. आणि जेथें छावणी तेथें बँड व इस्पितळ हीं असावयाचींच. या दोहोंचा परस्परांशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध फार निकटचा आहे. शांततेच्या काळीं जो हात वाद्य वाजवी, तोच हात लढाईच्या दिवशीं जखमी शिपायाची डोली उचली. बँडवाल्यांनीं स्ट्रेचर वाहावें ही ब्रिटिश फौजेची जुनी वहिवाट होती. भारतीय सैन्यानेंही ती सोडली नाहीं. आजही बँडच्या वादकांस रुग्णवाहनाचें शिक्षण दिलें जातें.

हे वादक आले कोठून? त्यांतील पुष्कळांचें मूळ गोमंतकांतील देवळांच्या शाळांत सांपडतें. सोळाव्या शतकापासून तेथें पॅरिशच्या शाळांची परंपरा चालत आली. मेस्त्रे, म्हणजे गायनमास्तर, मुलांस सूर वाचावयास शिकवी, आणि जो होतकरू दिसे त्याच्या हातीं व्हायोलिन देई. गांवचा माणूस या वाद्यास रेबेक म्हणे. सकाळीं मिस्सेंत वाजलेलें तेंच रेबेक संध्याकाळीं लग्नघरीं घुमटाच्या साथीला मांडो वाजवी. शेतीवर पोट भरेना, तेव्हां हीच विद्या पाठीशीं घेऊन तरुण मुंबईस, पुण्यास व छावण्यांस गेले. बँडांत फुंकवाद्यांस मान असे. म्हणून कित्येक वादक कवाइतीच्या मैदानावर क्लॅरिनेट व रात्रीं अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें व्हायोलिन, अशीं दोन्ही वाद्यें सांभाळीत.

आतां दुसरी बाजू पाहूं. फ्रेंच शल्यवैद्य लारे यानें १७९२ सालीं जखमींना लढाई चालू असतांच उचलून नेणाऱ्या हलक्या गाड्यांची योजना केली. तथापि पुढें पाऊणशें वर्षेंपर्यंत सामान्य शिपायाचे हाल फारसे कमी झाले नाहींत. २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनो येथें सुमारें ४०,००० माणसें मेलीं वा घायाळ झालीं. शेजारच्या कास्तिल्योने गांवच्या देवळांत जखमींची रीघ लागली, आणि गांवच्या बायांनीं शत्रुमित्र असा भेद न करितां त्यांना पाणी पाजलें. हें दृश्य पाहणाऱ्या हेन्री ड्यूनांच्या लेखणीनें पुढें १८६३ सालीं रेडक्रॉसचा पाया घातला. एका महान् संस्थेचा उगम एका गांवच्या देवळाच्या फरशीवर झाला, हें आम्हां पॅरिशवासीयांनीं विसरूं नये.

देवळालीस १८६१ पासून गोऱ्या पलटणींचा मुक्कामी तळ होता. मुदत संपलेले शिपाई जहाजाची वाट पाहत महिनेच्या महिने तेथें खितपत पडत. कित्येकांचें चित्त बिघडे. देवळालीच्या नांवावरूनच इंग्रजींत वेडसरपणाला ‘डूलाली’ हा शब्द पडला. जखमा केवळ अंगालाच होत नाहींत, याची ही कडू साक्ष होय.

फिडल व स्ट्रेचर यांचा योग आणखी एका थोर चरित्रांत दिसतो. मोहनदास गांधी १८८८ सालीं विलायतेस गेले, तेव्हां सभ्य गृहस्थ बनण्याच्या नादांत त्यांनीं तीन पौंडांचें व्हायोलिन घेतलें व शिकवणीही धरिली. थोड्याच दिवसांत भ्रम उतरला; मिळेल त्या किमतीस तें विकून टाकावें, असें त्यांनीं शिक्षिकेस सांगितलें. १८९१ सालीं परत आल्यावर जातवाल्यांच्या समाधानार्थ वडील बंधूंनीं त्यांस आमच्या या नाशकास आणून गोदावरींत स्नान घातलें. पुढें १८९९ सालीं बोअर युद्धांत त्यांनीं सुमारें १,१०० हिंदी लोकांचें रुग्णवाहक पथक उभारलें. जखमींस घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालण्याचे प्रसंग त्यांवर आले. व्हायोलिन त्यांनीं टाकलें तें दिखाऊ म्हणून. स्ट्रेचर उचललें तें खरें म्हणून. आमच्या वादकांनीं मात्र दोन्ही खरीं मानिलीं.

३ एप्रिल १९४३ रोजीं इंडियन मेडिकल सर्व्हिस, मेडिकल डिपार्टमेंट व हॉस्पिटल कोअर हीं एकत्र होऊन लष्करी वैद्यक कोअर निर्माण झाली. डॉक्टर आणि डोली वाहणारा हे एका छत्राखालीं आले, ही न्यायाचीच गोष्ट झाली. १२ ऑगस्ट १९४९ च्या जिनीव्हा करारानें कायमच्या वैद्यकीय सेवकांस नेहमींचें संरक्षण दिलें. परंतु बँडवाल्यासारख्या प्रसंगीं मदतीस धांवणाऱ्या सैनिकास तें जखमींची सेवा करीत असतांनाच लाभतें. त्याच्या दंडावरील पांढऱ्या पट्टीवरील चिन्हही लहान असतें. कायद्याचें हें कलम आम्हांस एखाद्या प्रवचनासारखें वाटतें: जोंवर तूं दुसऱ्याचा भार वाहतोस, तोंवर तूं सुरक्षित आहेस.

देवळांतील व्हायोलिनचेंही असेंच झालें. १९०३ सालीं दहाव्या पायसनीं देवळांतील नाटकी संगीतास आळा घातला, तेव्हां कित्येकांनीं फिडलही पेटींत बंद केलें. तें अनुचित होतें. बाराव्या पायसनीं १९५५ सालीं पवित्र संगीताविषयींच्या परिपत्रकांत व्हायोलिन व कमानीचीं वाद्यें यांचा नांवानिशीं गौरव केला आहे.

आमच्या मृत्यूनोंदवहींत नांव, वय, तारीख व संस्कार देणाऱ्या धर्मगुरूची सही असते. त्या हातांनीं काय वाजविलें आणि कोणास उचललें, हें तींत लिहिण्यास रकाना नाहीं. हीच आमची खंत आहे. म्हणून आमची प्रत्येक घराला विनंति आहे कीं, माळ्यावरील जुनी ट्रंक उघडा. तींत तुटलेल्या तारेचें फिडल, दंडावरची पट्टी वा सैन्यांतून सुटल्याचा दाखला सांपडला, तर रद्दींत घालूं नका. घरांतील वृद्धांस त्याची हकीकत विचारा, व ती लिहून देवळांत आणून द्या. आणि शक्य असेल तर त्या फिडलला नवी तार चढवून तें एखाद्या मुलाच्या हातीं द्या. मृतांस अनंत शांति लाभो, आणि त्यांचे सूर आमच्या मिस्सेंत पुनः ऐकूं येवोत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.