भोल्याची रात्र आणि आकाशातली नजर

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर एक चक्रीवादळ आदळले. भोला बेटाच्या नावाने ते आज ओळखले जाते. रमजानचा दुसरा आठवडा सुरू होता. पौर्णिमा तोंडावर होती, त्यामुळे समुद्राला आधीच उधाण होते. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडचा भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता आहे. वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला तिथे पसरायला जागा मिळत नाही, ते वर चढते. त्या रात्री ते सखल बेटांवरून फिरले. मृतांची संख्या तीन ते पाच लाख सांगितली जाते.

या वादळाची आठवण निघते ती बहुधा राजकारणाच्या संदर्भात. याह्या खान सरकारच्या मदतकार्यातील ढिलाईने बंगाली जनता संतापली. डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगने तेथील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या आणि पुढच्याच वर्षी बांगलादेश जन्मला. हे खरेच आहे. पण मला त्या इतिहासातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते. ते वादळ दिसले होते.

अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडला. त्यानंतर दहा वर्षांत असे उपग्रह नेमाने पृथ्वीभोवती फिरू लागले होते. भोला वादळाची छायाचित्रेही त्यांनी टिपली. इशारा रेडिओवरून दिला गेला. नंतरच्या पाहणीत आढळले, की वादळग्रस्त भागातील ९० टक्क्यांहून अधिक लोकांना वादळाची खबर होती. पक्क्या आसऱ्याला गेले ते जेमतेम एक टक्का. पाणी किती चढेल, कुठे जायचे, किती वेळ हाती आहे, हे त्यांना कोण सांगणार होते? आणि सांगितले असते, तरी जायला पक्की इमारत किती गावांत होती?

उपग्रह ढग दाखवतो. वाऱ्याचा जोर त्या चित्रातून माणसाला वाचावा लागतो. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात त्याची रीत बसवली. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळले आहेत, मधला डोळा किती स्पष्ट आहे, यावरून वादळाला एक ते आठपर्यंत अंक द्यायचा. यामुळे वादळ वाचणे ही शिकवता येणारी विद्या झाली. दिल्लीचे प्रादेशिक चक्रीवादळ केंद्र आजही ही रीत वापरते आणि शेजारी देशांच्या अंदाजकारांना प्रशिक्षण देते. पुण्यात हवामान खात्याची प्रशिक्षण संस्था आहे. तिथेही परदेशांतून लोक शिकायला येतात.

बांगलादेशाने दुसरे टोक सांभाळले. रेड क्रॉसच्या साथीने त्याने गावोगावी स्वयंसेवक उभे केले. कर्णे आणि झेंडे घेऊन ते वस्त्यांत फिरतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यापर्यंत पोहोचवतात. यश एका दमात आले नाही. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली, कारण निवारे अपुरे होते. मग निवारे वाढवले गेले. २००७ मध्ये ‘सिद्र’ हे भीषण वादळ आले, तेव्हा मृतांचा सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. तोही लहान नाही. पण १९७० शेजारी ठेवून पाहा.

विज्ञानाचा विषय निघाला की आपण शोध लावणाऱ्यांचीच नावे घेतो. शोध शेवटच्या घरापर्यंत नेणारे बिनचेहऱ्याचेच राहतात. माझ्या मते उपग्रहाचे श्रेय जितके ते सोडणाऱ्यांचे, तितकेच रात्री पावसात दार ठोठावणाऱ्या त्या स्वयंसेवकाचे आहे.

हा इतिहास आपल्यापासून दूरचाही नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर वादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पण इशारा आधी पोहोचला होता आणि हजारो लोक हलवले गेले होते. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना या भागातले देश आळीपाळीने नावे देतात. कोकणातल्या त्या वादळाचे नाव होते ‘निसर्ग’, आणि ते सुचवले होते बांगलादेशाने.