आघात आणि आस : उपनगरांतल्या सॅम्पलरची गोष्ट

आजचा विषय वरवर पाहिला तर दुकानातला प्रश्न वाटेल. नाटकाला, शॉर्टफिल्मला किंवा मालिकेला आवाज द्यायचा आहे, लॅपटॉप घेऊन झालाय. आता सॅम्पलर कुठला घ्यावा? नुसता सॅम्पलर घ्यावा, की सॅम्पल आणि सिंथेसिस दोन्ही करणारं संकरित साधन घ्यावं? बोरिवली ते अंधेरी, मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात हा प्रश्न विचारणारी बरीच तरुण मंडळी आहेत. त्यांना उत्तरादाखल बहुधा एक यादी मिळते. आपण आज यादीऐवजी इतिहासाकडे जाऊ, कारण गेल्या सत्तर वर्षांत मुंबईच्या वादकांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवलेला आहे. त्याची किंमतही त्यांनीच मोजली आहे.

सुरुवातीला दोन शब्द हाताशी घेऊ. आघात आणि आस. तबल्यावर बोट पडतं, सतारीच्या तारेवर नखी लागते, तो क्षण म्हणजे आघात. त्यानंतर नाद रेंगाळतो, वळतो, मींड घेतो, विरतो, ती आस. सॅम्पलर म्हणजे खऱ्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण साठवून कळ दाबली की परत ऐकवणारं यंत्र. सिंथेसायझरच्या आत कुणाचं वाजवणं नसतं, तो विजेच्या कंपनांतून नाद घडवतो. ढोबळमानाने सांगायचं तर सॅम्पलर आघातात पक्का असतो आणि सिंथेसायझर आसेत. आजचं सगळं बोलणं याच एका वाक्याभोवती फिरणार आहे.

पहिला मुक्काम गोरेगाव. तिथल्या फिल्मिस्तानने काढलेला ‘नागिन’ हा चित्रपट १९५४ साली आला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन देशभर गाजली, आणि ती खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती, जोडीला रवी यांची हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास तयार केलेलं वाद्य. छोटा कीबोर्ड, व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच स्वर देणारं.

आता विचार करा, त्यांनी बीनच का केली? तबला का नाही केला? पुंगीत फुंकर तुटत नाही. गारुडी गालात हवा साठवून सलग वाजवतो, म्हणजे आस अखंड आणि आघात जवळजवळ नाहीच. एका सुराच्या, सलग नाद देणाऱ्या यंत्राला हे काम नेमकं झेपणारं होतं. यंत्राला काय जमतं आणि नादाला काय लागतं, यांची गाठ घातली गेली. साधन निवडणं म्हणजे हेच. ते त्या मंडळींनी कुठलंही मॅन्युअल न वाचता केलं.

दुसरा मुक्काम १९८२. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे गिटारवादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. या तिन्हींवर त्यांनी दहा राग वाजवून एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. जपानी अभियंत्यांनी ती बेसगिटारची नक्कल म्हणून दिली असेल. सिंग यांना तिच्यात मींड दिसली. रेकॉर्ड त्या वेळी फारशी चालली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण ती शिकागोच्या अॅसिड हाऊस संगीतासारखी वाजत होती आणि त्याच्या काही वर्षं आधीची होती. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. इथेही वादकाने यंत्राकडे आसेचंच काम दिलं. तीनही यंत्रांत सॅम्पल एकही नव्हतं, अगदी ८०८ चा ठेकासुद्धा सर्किटांतून घडवलेला.

मग सॅम्पल कुठून आलं? १९६३ साली इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन आला. प्रत्येक कळीखाली टेपची एक पट्टी, पट्टीवर व्हायोलिन किंवा बासरी, आणि आठेक सेकंदांत पट्टी संपली की सूर बंद. तेव्हाच तिथल्या वादकांच्या युनियनला धास्ती वाटली होती की हे यंत्र आमच्या पोटावर येणार. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातून फेअरलाइट आला, १९८१ मध्ये अमेरिकेतून इम्युलेटर. टेप गेली, चिप आली. पण चिपची स्मृती भयंकर महाग. इम्युलेटरमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावायचा.

या महागाईतूनच संकरित सिंथेसिस बाजारात रुजलं, हे लक्षात घ्या. १९८७ साली रोलँडने डी-५० काढला. त्यांनी ओळखलं की वाद्याची ओळख कानाला मुख्यतः सुरुवातीच्या क्षणात पटते. सुरुवात कापून टाकली तर सरावलेला कानही वाद्य ओळखताना चुकतो. म्हणून आघाताचा इवलासा तुकडा खऱ्या ध्वनिमुद्रणाचा ठेवला आणि पुढची आस सिंथेसायझरकडून करवली. आघात उसना, आस घरची. आज ज्याला ‘हायब्रिड’ म्हणून विकतात, त्या कल्पनेचा गाभा हा असा काटकसरीतून आलेला आहे.

आता अंधेरीला येऊ. जुन्या वाद्यवृंदाची मुद्रणं मोठ्या हॉलमध्ये व्हायची: ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे. पन्नास-साठ वादक, मध्ये संगीत संयोजक, समोर स्वरलेखनाचे कागद. अनिल मोहिले, अरुण पौडवाल यांच्यासारखे मराठी संयोजक याच व्यवस्थेत घडले. १९८८ साली अकाईचा एस१००० आला. सोळा बिटचा, सीडीच्या दर्जाचा. मूळ स्मृती २ मेगाबाइट. हिशेब करा: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, डावा-उजवा मिळून १,७६,४०० बाइट. म्हणजे पूर्ण दर्जाचा स्टिरिओ आवाज जेमतेम १२ सेकंद. तरी तेवढं पुरलं. व्हायोलिनच्या ताफ्याचा एक सूर, ढोलकाचे चार बोल, झालं काम.

त्यातच १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला, पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी, आणि रोजच्या मालिकांचा रतीब लागला. रोज एक भाग म्हणजे रोज पार्श्वसंगीत. त्यासाठी रोज चाळीस वादक कोण बोलावणार? हॉलची गरज संपली. वर्सोवा, ओशिवरा, लोखंडवाला, वीरा देसाई रोड इथे एका खोलीत स्टुडिओ मावू लागला: कीबोर्ड, सॅम्पलर, संगणक आणि भिंतीला फोम. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठा वाद्यवृंद रोजच्या कामातून जवळपास बाहेर पडला. ज्यांच्या हातांचे सूर त्या चिपांत शिरले, त्यांच्यासारख्याच हातांना काम उरलं नाही. इतिहास सांगताना आपण यंत्रांची नावं घेतो आणि हे वाक्य गाळतो. ते गाळू नये.

अर्थात उपनगरांत एक उलटी गोष्टही घडली. १९८५ साली रोलँडचा पहिला ऑक्टापॅड आला. आठ रबरी चौकोन, आणि आत स्वतःचा आवाज एकही नाही. केबल लावून दुसऱ्या यंत्रातला आवाज वाजवायचा. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले आणि २०११ च्या एसपीडी-एसएक्ससारख्या पॅडमध्ये आपले स्वतःचे आवाजही भरता येत. नवरात्रात बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या मैदानांवर, गणपतीत बेंजोच्या ताफ्यांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हा पॅड असा रुळला की ‘ऑक्टोपॅडवाला’ हा एक स्वतंत्र पेशाच झाला. इथे सॅम्पल होतं, पण आघात जिवंत माणसाचा होता. ढोलकी-ताशा वाजवलेला हात काठी धरून उभा होता. म्हणून तो ठेका नाचवतो, आणि तेच आवाज संगणकात एकाखाली एक चिकटवले की ठोकळा होतो.

का होतो ठोकळा? कारण खरा वादक एकच बोल दोनदा तंतोतंत वाजवत नाही. एकच मुद्रण लागोपाठ वाजवलं तर मशीनगनसारखं ऐकू येतं. त्यावर उपाय निघाले: एकाच बोलाची अनेक मुद्रणं आळीपाळीने वाजवायची, आणि हलक्या-जोरकस आघातांचे वेगळे थर ठेवायचे. त्यासाठी भरपूर जागा हवी. १९९८ च्या गिगासॅम्पलरने आवाज मेमरीत न भरता थेट हार्ड डिस्कवरून वाजवायला सुरुवात केली आणि जागेचा प्रश्न मिटला. २००२ मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा कॉन्टॅक्ट आला, तो याच वाटेने पुढे गेला.

इथून आजच्या निवडीकडे वळू, आणि उदाहरण घेऊ आपल्या सगळ्यांच्या कानातलं: लोकल. समजा, सिनेमा १९९५ च्या बोरिवलीत घडतो. आजच्या फलाटावर जाऊन गाडी मुद्रित केली तर काम फसेल, कारण गाडी सुटताना जी चढत जाणारी शिट्टीसारखी धून येते ती इन्व्हर्टरवर चालणाऱ्या नव्या मोटरींची आहे. सीमेन्सच्या यंत्रणेच्या गाड्या इथे २००७ पासून धावू लागल्या. १९९५ च्या गाडीत गिअरचा घरघराट होता, ही धून नव्हती. जुनी गाडी तर आता मुद्रणाला मिळणार नाही. मग काय करायचं?

आघात आणि आस वेगळे काढायचे. रुळांच्या सांध्यांवरची खटखट, कडीची आपट, दाराच्या दांड्याचा खणखणाट हे आघात. ते आजही कुठेतरी मुद्रित करता येतात. त्यांना साधा सॅम्पलर पुरेसा. कॉन्टॅक्टची पूर्ण आवृत्ती असेल तर उत्तम. त्याचा फुकट प्लेअर तयार लायब्ररी वाजवण्यासाठी ठीक आहे, आपले आवाज बांधण्यासाठी नाही. पैसे नसतील तर डिसेंट सॅम्पलर किंवा सफोर्झांडो फुकट मिळतात, आणि खटखटीसाठी तेवढे पुरतात.

मोटरीची घरघर ही आस. ती वेगाबरोबर चढते-उतरते. सॅम्पल ताणून चढवलं तर आवाज बारीक होऊन खेळण्यातल्या गाडीसारखा वाटतो. तिथे सिंथेसायझर लागतो. व्हायटलसारखा फुकटातला वेव्हटेबल सिंथसुद्धा चालेल. आणि दोन्ही एकाच ठिकाणी हवं असेल, म्हणजे लोखंडाच्या खऱ्या मुद्रणाचे बारीक कण करून त्यांतूनच लांब घरघर विणायची असेल, तर संकरित साधन. यूव्हीआयचा फाल्कन २०१५ पासून सॅम्पल, कण आणि सिंथेसिस एका छताखाली देतो. स्टाइनबर्गचा हॅलियन २००१ मध्ये सॅम्पलर म्हणून निघाला आणि वाढत वाढत तिथेच पोहोचला. ऑम्निस्फिअरमध्ये २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आपला आवाज आत घेता येतो.

म्हणजे प्रश्नाचा क्रम बदलला. आधी साधन नाही, आधी कागद. मला हव्या असलेल्या आवाजात आघात किती, आस किती, आणि आस हलते की स्थिर राहते? तीन उत्तरं लिहिली की बाजारातली निम्मी नावं आपोआप गळतात.

राहता राहिला सगळ्यांत अवघड प्रश्न: पेटीत आहे कोण? पाश्चात्त्य व्हायोलिनच्या लायब्ररी मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. एवढं असून अजय-अतुल यांनी ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा वाद्यवृंद बसवला. आता संबळ शोधा, हलगी शोधा, दिमडी शोधा. मिळेल ते थोडं आणि बहुतेक वेळा चार-दोन तयार लूप. गोंधळ्याचा संबळ हा दोन अंगांचा असतो, एका काठीला बाक असतो, त्यामुळे दोन बाजूंचे आघात वेगळे पडतात. लूपमध्ये हे गोठून जातं. जे वाद्य पेटीत नाही ते हळूहळू मालिकेतून, जाहिरातीतून, मग कानातूनही जातं. गावाची पार्श्वभूमी आली की तोच तोच ढोल वाजतो, त्याचं एक कारण हे आहे.

आणि हे दुरुस्त करणं आता महाग राहिलेलं नाही. संबळाचे दहा आघात, प्रत्येकी आठ जोर, प्रत्येक जोराची चार मुद्रणं: ३२० फाइली. प्रत्येकी तीन सेकंद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. एकूण सुमारे २७६ मेगाबाइट. एस१००० च्या काळात हे स्वप्न होतं, आज ते फोनमध्ये मावतं. एका शांत खोलीत दोन दिवसांचं काम आहे.

फक्त तिथे नव्वदच्या दशकाची पुनरावृत्ती नको. वादकाला एका दिवसाचं मानधन देऊन त्याचा हात कायमचा पेटीत बंद करायचा, आणि मग त्यालाच काम नाही म्हणायचं, हे आपण एकदा पाहिलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सादरकर्त्याचा हक्क आणि व्यावसायिक वापरातला त्याचा वाटा मानतो. तेव्हा मुद्रणाआधी साधा मराठीत करार लिहा: कुणी वाजवलं, कशासाठी वापरणार, विकलं तर वाटा किती, आणि नाव कुठे छापणार. गोंधळी कलाकाराला तो वाचून दाखवा. त्याने नको म्हटलेला एखादा विधीचा ठेका असेल तर तो मुद्रित करू नका.

तर घरी गेल्यावर खरेदीच्या आधी एवढं करा. तुमच्या पुढच्या कामातला एकच आवाज घ्या, त्याचे आघात आणि आस वेगळे लिहा, आणि त्यातलं काय आपल्या जवळच्या एखाद्या वादकाकडून मिळू शकतं ते आधी विचारा. उरलेल्यासाठी सॉफ्टवेअर आहेच. आता प्रश्न घेऊ.