श्रीरामपूर परिसरांतील कलावर्ग व उत्सव : कांहीं उपेक्षित साधनें

इतिहाससाधनांचा संग्रह करणारांचें लक्ष सामान्यतः जुन्या गांवांकडे जातें. जेथें वाडा, मठ, कुळकर्ण्याचें दप्तर किंवा एकादा शिलालेख आहे, तेथें संशोधकाची फेरी होते. जेथें आगगाडीचें स्टेशन, साखरकारखाना व बाजारपेठ एवढेंच दिसतें, तेथें उतरण्याचें त्यास प्रयोजन वाटत नाहीं. अहिल्यानगर (सन २०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यांतील श्रीरामपूर हें या दुसऱ्या प्रकारचें गांव होय. दौंड-मनमाड लोहमार्ग सन १८७८ त सुरू झाला. त्यावरील येथल्या स्टेशनास प्रवरातीरींच्या जुन्या बेलापुराचें नांव मिळालें व तें अद्यापि कायम आहे. सन १९१९ त हरेगांवची बेलापूर कंपनी निघाली, सन १९२६ त भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व सन १९३३ त टिळकनगरचा कारखाना उभा राहिला. लोहमार्ग, कालवा व ऊंस या तिहींवर गांव वाढलें. अशा गांवास कलेचा इतिहास तो कोठून असावयाचा, असें पुष्कळांना वाटतें.

आज श्रीरामपुरांत गायन, तबला, नृत्य, चित्रकला यांचे वर्ग चालतात. गुरुपौर्णिमा, गणेशोत्सव, व्याख्यानें, स्पर्धा हे प्रसंग होतात. लहान गांवच्या कलामंदिराचें कार्य म्हणतात तें हेंच. या कार्यास दीर्घ पूर्वपीठिका आहे व त्याचीं साधनेंही आहेत. परंतु तीं आपण साधनें म्हणून ओळखीत नाहीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. ओळखलीं नाहींत म्हणून तीं रद्दींत जातात, हा यांतील चिंतेचा भाग होय.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. वात्स्यायनानें कामसूत्राच्या पहिल्या अधिकरणांत नागरकाच्या दिनचर्येबरोबर ‘समाज’ नांवाच्या प्रसंगाचें वर्णन केलें आहे. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठराविक दिवशीं सरस्वतीच्या मंदिरांत नेमलेल्या लोकांनीं जमावें. बाहेरगांवचे नट आले तर त्यांनीं आपला खेळ दाखवावा. दुसऱ्या दिवशीं त्यांची ठरलेली संभावना व्हावी. पुढें आवड असेल तर त्यांस पुन्हा पाहावें, नाहीं तर निरोप द्यावा. ठराविक दिवस, ठराविक जागा, नेमलेले सभासद, पाहुणा कलावंत व त्याचें मानधन, हीं पांचही अंगें आजच्या कोणत्याही कलामंडळाच्या कार्यक्रमांत जशींच्या तशीं आढळतील. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत तर गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं वाद लागतो, आणि शिष्येच्या प्रयोगावरून आचार्याची परीक्षा करावी असें ठरतें. परीक्षक म्हणून परिव्राजिकेस बसविलें आहे. कलेचा वर्ग, जाहीर प्रयोग व तटस्थ परीक्षक यांची सांगड इतकी जुनी आहे.

आतां श्रीरामपूरच्या परिसराकडे वळूं. प्रवरेच्या कांठीं पूर्वेस नेवासें आहे. तेथें शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वक्ता, श्रोते व लेखक अशी तिहेरी मांडणी त्या प्रसंगाची होती. ज्या खांबाशीं ही परंपरा जोडली जाते त्यावर एक संस्कृत लेख असून त्यांत करवीरेश्वरापुढील अखंड दीपाच्या तेलाची तरतूद नमूद आहे. संशोधकानें येथें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, जी गोष्ट समाजानें मिळून चालविली तिचा खर्च कोणीतरी लिहून ठेवला, म्हणूनच ती आपणांस कळते. दगडावरचा तेलाचा खर्च व आजच्या उत्सवाची जमाखर्चाची वही यांत जातीचा भेद नाहीं, केवळ टिकाऊपणाचा आहे.

राहुरी तालुक्यांतील ताहराबाद हें महीपतींचें गांव. इ. स. १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ. शके १६८४ (इ. स. १७६२) मध्यें पुरा झालेला त्यांचा भक्तविजय सत्तावन्न अध्यायांचा आहे, त्यानंतर शके १६९६ (इ. स. १७७४) मध्यें भक्तलीलामृत झालें. या ग्रंथांनीं पुढील पिढ्यांतील कीर्तनकारांस आख्यानें पुरविलीं. छापखाना येईपर्यंत त्यांचा प्रसार हातानें नकललेल्या पोथ्यांवर व श्रवणावर झाला. श्रोता ऐकतां ऐकतां चाल शिके, पोथी वाचतां वाचतां उच्चार शिके, आणि त्यांतील एकादा पुढें स्वतः उभा राही. म्हणजे उत्सव हाच वर्ग होता. निराळी पट नोंदवही त्यामुळें निघालीच नाहीं. त्या काळच्या शिक्षणाचा लेखी पुरावा शोधावयाचा तर तो पोथीच्या पुष्पिकेंत सांपडतो : कोणी लिहिली, कोणासाठीं लिहिली, कोणत्या गांवीं व कोणत्या तिथीस पुरी झाली. गोदावरींतील सराला बेटाच्या गंगागिरीमहाराजांच्या परंपरेचा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षीं निराळ्या गांवीं भरतो. उत्सव व शिक्षण एकत्र नांदण्याची ही जुनी रीत त्यांत आजही पाहावयास मिळते.

वर्ग हा उत्सवापासून निराळा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. सन १८७४ त पुण्यास गायन समाज निघाला. ‘समाज’ हा वात्स्यायनाचाच शब्द नव्या अर्थानें येथें पुन्हा आला. सन १८८६ त बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयानें मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. सन १९०१ च्या मे महिन्यांत विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें व सन १९०८ त तें कार्य मुंबईस आणलें. सन १९११ त भास्करबुवा बखले यांनीं पुण्यास गायन समाज काढला. तोच पुढें भारत गायन समाज म्हणून प्रसिद्ध झाला. पलुसकर सन १९३१ च्या ऑगस्टांत निवर्तले व त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या मंडळाच्या परीक्षांच्या पायऱ्या आज तालुक्याच्या गांवच्या मुलामुलींच्या तोंडीं आहेत. ज्या गांवांत कोणा दरबाराचा आश्रय नव्हता व नामांकित घराण्याचा गवई राहत नव्हता, तेथें रागसंगीताचें पद्धतशीर शिक्षण पोंचलें तें मुख्यतः या परीक्षांमुळें. त्यांनीं गाण्यास ठराविक चौकट आणली, हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु श्रीरामपुरासारख्या गांवांत त्या चौकटीवांचून वर्ग उभाच राहिला नसता, हेंही तितकेंच खरें.

वर्ग निराळा झाला तसें साधनही निराळें झालें. पुष्पिका गेली व हजेरीपत्रक आलें. कोण शिकलें, कोणत्या पेठेंतलें, किती दिवस, कोणत्या परीक्षेपर्यंत, मुली किती व मुलगे किती, फी किती व कोणास माफ, हें सर्व त्यांत असतें. हजेरीपत्रक ही नव्या काळची पुष्पिकाच होय. त्याच्या जोडीला शिष्यांच्या चिजांच्या वह्या ठेवाव्या. एकाच गुरूच्या चार शिष्यांनीं एकच चीज लिहून घेतली असतां शब्दांत व स्वरलेखनांत जे भेद पडतात ते पोथ्यांतील पाठभेदांप्रमाणेंच ताडून पाहतां येतात, आणि त्यांवरून गुरूचा मूळ पाठ बऱ्याच अंशीं निश्चित होतो. हस्तलिखितांच्या संग्राहकास हें काम नवें नाहीं. केवळ पोथीच्या जागीं शाळकरी वही आली आहे.

तिसरें साधन हस्तपत्रकें व तिकिटें. यांवर तिथी व वार असतो, साल बहुधा नसतें, म्हणून तीं निरुपयोगी मानतात. परंतु कालनिर्णयाचीं गमकें त्यांतच असतात. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर तें प्रायः १ एप्रिल १९५७ पूर्वींचें, कारण त्या दिवशीं दशमान नाणें सुरू झालें. ‘नवे पैसे’ असा शब्द असेल तर सन १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचें. पत्त्यांत पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचें. ‘येथें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतील तर बहुधा सन १९६२ च्या लेखननियमांपूर्वींचें, मात्र जुन्या वळणाचा लेखक पुढेंही तसेंच लिहूं शकतो हें विसरूं नये. राज्याचें नांव मुंबई असेल तर १ मे १९६० पूर्वींचें. जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर छापलेलें असेल तर तें अगदीं अलीकडचें.

तिथिवारावरूनही साल काढतां येतें. समजा, एका पत्रकावर ‘गुरुपौर्णिमा, रविवार’ एवढेंच आहे व कागद-छपाईवरून तें सन २०१६ ते २०२५ या दशकांतलें ठरतें. पंचांग पाहतां या दहा वर्षांत गुरुपौर्णिमा रविवारीं आली ती सन २०१७, २०२० व २०२४ या तीनच वर्षीं. पैकीं सन २०२० च्या जुलैंत साथीमुळें जाहीर सभा-समारंभ बंद होते, तेव्हां तें वर्ष वगळावें. राहिलेल्या दोहोंपैकीं निवड वर्गाच्या हजेरीपत्रकावरून, पत्रकांत नांवें आलेले विद्यार्थी त्या वर्षीं पटावर होते कीं नाहीं हें पाहून, करतां येईल. ऐतिहासिक पत्रांचा काळ जंत्रीवरून ठरविणारांस ही रीत नित्याची आहे.

हीं साधनें फार अलीकडचीं, त्यांना इतिहास कसें म्हणावें, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असें. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड सन १८९८ त प्रसिद्ध केला तेव्हां पेशवाई जाऊन अवघीं ऐंशीं वर्षें झालीं होतीं. सन १९३९ त आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलन भरलें. त्यास आज ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. अशा संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या व छायाचित्रें यांची जागा खासगी घरांतील जुन्या पेट्यांतच असते. राजवाडे ज्या अंतरावरून पेशवाईकडे पाहत होते, त्याच अंतरावर आपण त्या संमेलनापासून उभे आहों. त्यांनीं दप्तरें वाण्याच्या दुकानांतून व माळ्यांवरून सोडविलीं. आपल्या हातचीं मात्र आपण वजनावर विकतों. जिल्ह्याचें वाचनालय सन १८३८ पासूनचें आहे व नगरास इतिहासवस्तूंचें संग्रहालयही आहे. म्हणजे ठेवण्यास जागा नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं.

यास्तव संग्राहक बंधूंस पुढील सूचना आहेत. कलावर्ग बंद होतो किंवा शिक्षक वारतो त्या वेळीं घरच्या मंडळींकडे प्रथम हजेरीपत्रकें, जमाखर्चाच्या वह्या व चिजांच्या वह्या मागाव्या. पदकें व मानपत्रें घरचे लोक आपण होऊन जपतात, वह्या जपत नाहींत. हस्तपत्रक मिळेल त्या दिवशीं त्याच्या पाठीवर पेन्सिलीनें कोणाकडून व केव्हां मिळालें तें लिहावें. मूळ कागद घरचे देत नसतील तर छायाचित्र घेऊन मूळ परत करावें. हजेरीपत्रकांत हयात मंडळींचीं व मुलांचीं नांवें असतात, तीं प्रसिद्ध करूं नयेत. संख्या, पेठा व परीक्षा एवढ्यावरच विवेचन करावें. प्रत्येक तालुक्यास एक याप्रमाणें जरी अशीं दप्तरें नोंदविलीं गेलीं, तरी रागसंगीत दरबारांतून तालुक्याच्या गांवापर्यंत कोणत्या वाटेनें, कोणत्या वर्षीं व कोणत्या घरांत आलें याचा नकाशा काढतां येईल. हें काम श्रीरामपुरापासून सुरू होण्यास हरकत नाहीं. गांव नवें आहे, आणि म्हणूनच त्याचे पहिले कागद अजून हातीं लागण्याजोगे आहेत.