मनाचे आजार आणि रात्रपाळीची सिस्टर

गेले तीन वीकांत मानसोपचाराचा इतिहास वाचण्यात घालवले. एक गोष्ट सारखी खटकत होती. सगळा इतिहास तीनच प्रकारच्या नावांनी भरलेला: डॉक्टरांची नावं, औषधांची नावं आणि कायद्यांची नावं. जी व्यक्ती पेशंटजवळ आठ-आठ तास असते, तिचं नाव शोधून सापडत नाही. आमच्या धंद्यातही हेच चालतं म्हणा. रात्री तीन वाजता सर्व्हर आडवा झाला की पहिल्यांदा कळतं ते सपोर्टच्या पोराला, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये बोलतो आर्किटेक्ट. तर म्हटलं, हाच इतिहास जरा सपोर्टच्या बाजूने लिहून बघू.

मी मूळचा रावेरचा. केळी, सातपुडा आणि पलीकडे बऱ्हाणपूर, एवढी ओळख पुरे. आमच्याकडे कुणाचं डोकं फिरलं की पायऱ्या ठरलेल्या असत. आधी "बाहेरचं आहे का बघा", म्हणजे भगत. मग एखादं देवस्थान किंवा दर्गा. मग जळगावचा सिव्हिल. आणि सगळं थकलं की येरवडा नाहीतर ठाणे. या दोन गावांची नावं आमच्या लहानपणी शिवीसारखी वापरली जायची. "येरवड्याला पाठवा रे याला" हे वाक्य शाळेत कुणी ऐकलं नसेल असं वाटत नाही.

या भिंती आल्या कुठून? इंग्रज सरकारने १८५८ मध्ये वेड्यांविषयीचे कायदे केले. आजच्या महाराष्ट्रातली जी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत त्यातलं नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, आणि ठाण्याचं १९०१ चं, शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. चौथं आणि सगळ्यात मोठं येरवड्याचं. कित्येक वर्षं मंजूर खाटांचा आकडा असा होता: येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. बेरीज ५६९५. अख्ख्या महाराष्ट्राला. खानदेशात यातलं एकही नाही, हे वेगळं सांगायला नको. रावेरच्या माणसाला भुसावळला गाडी बदलून रात्रभर प्रवास, तोही सोबत असा पेशंट घेऊन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही असायलमं तुरुंग खात्याच्या नजरेखाली होती. त्यामुळे भाषाही तुरुंगाचीच. १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्ट आला तरी दाखल व्हायचा रस्ता पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्याकडूनच जात होता. आत सांभाळायला असायचे ते राखणदार. त्यांचं काम एकच, पेशंट पळू नये आणि कुणाला मारू नये. आजार ओळखणं वगैरे त्यांच्याकडून कुणी अपेक्षितही नव्हतं. १९२० च्या सुमारास 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' अशी पाटी लागली. पाटी बदलणं सोपं असतं. आतली माणसं तयार करायला वेळ लागतो.

तो वेळ किती लागला बघा. १९२१ मध्ये रांचीला मनोरुग्णांच्या परिचर्येचा तीन ते सहा महिन्यांचा छोटा कोर्स सुरू झाला. १९४३ मध्ये मद्रास सरकारने पुरुष नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांचा कोर्स काढला, का, तर त्यांना बाळंतपणाचं शिक्षण देता येत नव्हतं, मग त्या जागी हे! म्हणजे मनाच्या आजारांचं नर्सिंग आपल्या अभ्यासक्रमात शिरलं ते रिकामी जागा भरायला. १९४६ च्या भोर समितीने हिशोब मांडला: ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा जेमतेम दहा हजार, साधारण चाळीस हजार माणसांमागे एक. प्रशिक्षित नर्सेस हव्यात असंही समितीने बजावलं. १९५४ मध्ये बंगलोरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट निघालं (तेच पुढे १९७४ मध्ये निम्हान्स झालं) आणि तिथे १९५६ मध्ये एक वर्षाचा मानसोपचार नर्सिंगचा कोर्स. १९६५ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगला हा विषय सक्तीचा केला.

मधल्या काळात उपचारही बदलत होते आणि प्रत्येक बदलाचा भार नर्सवर पडत होता. १९३३ मध्ये इन्शुलिन देऊन पेशंटला मुद्दाम बेशुद्ध करायची पद्धत निघाली. डॉक्टर इंजेक्शन सांगून पुढच्या वॉर्डात. तो माणूस वेळेवर शुद्धीवर येतोय ना, घाम किती, श्वास कसा, हे बघत बसायची नर्स. १९३८ मध्ये विजेचे झटके आले, तेही सुरुवातीला भूल न देता. धरायला माणसं लागत.

आता एक आपल्या घरची गोष्ट. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेडावर पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरवरचा तिचा प्रयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्विस कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्कच्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी ते १९५४ च्या सुमारास मनोरुग्णांना दिलं. तिथला किस्सा असा सांगतात की औषधाचा गुण आधी लक्षात आला काचा बसवणाऱ्या माणसाच्या, कारण त्या वॉर्डातल्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या कमी झाल्या होत्या! १९५७ चं लास्कर पारितोषिक वकील, क्लाइन आणि इतर चौघांना मिळालं. काचवाल्याला अर्थातच नाही.

पुढे कळलं की रेसर्पिन घेणारे काही ब्लडप्रेशरवाले पेशंट हळूहळू उदास होतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत, पहाटे उठून बसतात. ही लक्षणं कुठल्या मशीनवर दिसत नाहीत. दिसतात ती रोज ताट उचलणाऱ्याला.

माझ्या मते मुद्द्याचं काम इथे आहे. मनोरुग्णालयातला पेशंट निदान ओळखला गेलेला तरी असतो. खरी गोची साध्या वॉर्डात. माझी मावशी तीसेक वर्षं स्टाफ नर्स होती, मनोरुग्णालयात एक दिवसही नाही. पण तिचं म्हणणं, "अरे, प्रत्येक वॉर्डात मनाचा एक पेशंट असतोच, फक्त कागदावर दुसरंच लिहिलेलं असतं."

तिने सांगितलेली उदाहरणं नंतर मी पुस्तकात पडताळून पाहिली. पाय मोडून आलेला धडधाकट माणूस, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, भिंतीवर साप दिसतात. घरचे म्हणतात भीती बसली. असतं काय, की दवाखान्यात आल्यापासून दारू सुटलेली असते, आणि हे दारू एकदम बंद झाल्याचं लक्षण. जीव जाऊ शकतो. म्हणून भरती करतानाच "रोज किती घेता, शेवटची कधी घेतली" हे न लाजता, न रागावता विचारायचं. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं असतं, त्याची आठवण बऱ्याचदा सिस्टरच डॉक्टरांना करून देते.

दुसरं, कीटकनाशकाची विषबाधा. आमच्या शेतीच्या भागात नेहमीची. त्यावर ॲट्रोपिन देतात. ते जास्त झालं की पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडतो. अंग कोरडं, गरम, बाहुल्या मोठ्या. "येडा झाला" म्हणून बांधून ठेवायचं की डोस जास्त झाला म्हणून डॉक्टरांना उठवायचं, हे त्या क्षणी पलंगाजवळ असलेल्या माणसावर अवलंबून.

तिसरं, बाळंतीण. पहिल्या पंधरा दिवसांत झोप उडते, भलतंच बोलते, बाळाबद्दल विचित्र शंका घेते. हजारात एक-दोघींना होतं. भगताकडे नेऊन वेळ घालवायचा हा आजार नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी चांगल्या बऱ्या होतात.

आमच्या आजोबांचंही असंच. एका दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या रात्री ते मला न ओळखता मेलेल्या भावाशी बोलायला लागले. दिवसा बरे, रात्री पुन्हा तेच. घरात लगेच "बाहेरचं" सुरू. नातेवाईकांनी लिंबू आणलं, कुणी हात बांधायला सांगितलं. रात्रपाळीच्या सिस्टरने एकच प्रश्न विचारला, "बाबांना लघवी कधी झाली?" सकाळपासून झालीच नव्हती. नळी घातली, सोडियम तपासायला पाठवलं, ते कमी निघालं. सिस्टरने चष्मा घालायला लावला, आजीला उशाशी बसवलं, दिवसा खिडकी उघडी ठेवा म्हणाली. चौथ्या दिवशी आजोबांनी केळीचा भाव विचारला. वेड अचानक येतं आणि कमी-जास्त होत राहतं तेव्हा आधी शरीर तपासायचं, हा नियम मला त्या रात्री कळला.

आता आजची परिस्थिती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार आढळला, आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक उपचारांबाहेर. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण रावेरला लागून असलेला मध्य प्रदेश होता. आकडे सीमेवर थांबत नाहीत. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं आगीत गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधायला आणि भुलीशिवाय झटके द्यायला बंदी घातली, आणि मानसिक आरोग्य नर्सची व्याख्या त्यातच दिली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात अखेर सिस्टरचं नाव आलं.

खेड्यात तिची गरज आणखी आहे. एक उदाहरण देतो. लिथियम हे १९४९ पासून माहीत असलेलं चांगलं औषध आहे, पण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. लिथियमवरचा माणूस दिवसभर केळीच्या बागेत राबून आला, हात कापतायत, उलट्या होतायत, चाल अडखळतेय, तर ते "ऊन लागलं" इतकंच नसतं. हे पुण्याचा तज्ज्ञ फोनवरून बघू शकत नाही. गावातली सिस्टर बघू शकते, तिला कुणी शिकवलं असेल तर.

आणि एक. "जीव द्यावासा वाटतो का" हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मावशी हे पेशंटचं बीपी घेता-घेता विचारायची. तुमच्या घरात कुणी तसं बोलत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे, लिहून ठेवा.

असो, फार लांबलं. ओळखीत कुणी नर्स असेल, निवृत्त असेल तर उत्तमच, तर तिला रात्रपाळीचे अनुभव विचारा आणि जमलं तर लिहून काढा. या इतिहासाचा तेवढाच भाग अजून कुणी लिहिलेला नाही.