रॉकेलचा डबा, आगगाडीचा डबा

जिंतूरला रेल्वे नाही. निजामाच्या राज्यातली मनमाड–सिकंदराबाद ही मीटर गेजची लाइन १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून गेली. तिने सेलू घेतले, मानवत रोड घेतले, परभणी घेतली आणि जिंतूर उत्तरेला राहून गेले. आजही इथून गाडी गाठायची तर आधी एसटी गाठावी लागते. त्यामुळे तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या हाती आगगाडी प्रथम आली ती पत्र्याची. खऱ्या गाडीत बसणे पुढे कधीतरी, एखाद्या लग्नाच्या किंवा तिरुपतीच्या निमित्ताने.

अशा पत्र्याच्या गाड्यांचे जुने डबे जमवणारे लोक जगभर आहेत. अमेरिकेत त्यांची संघटना १९५४ पासून आहे, इंग्लंडमध्ये हॉर्नबी कंपनीच्या गाड्या जमवणाऱ्यांची १९६९ पासून. या मंडळींना इंजिनाचे कौतुक असतेच, पण खरा जीव डब्यांत. इंजिन एकदा घेतले की झाले, डबे संपतच नाहीत. ही न संपणारी हाव त्यांच्या स्वभावात किती आणि कारखानदारांनी पेरलेली किती, हे पाहायचे तर पत्र्यापासून निघावे लागते.

हा पत्रा म्हणजे कारखान्यात कल्हई केलेले लोखंड. घरी पितळेच्या पातेल्याला कल्हईवाला जे कथील लावतो, तेच इथे पातळ लोखंडी पत्र्याच्या दोन्ही अंगांना. सॅक्सनी-बोहेमियात हा पत्रा हातोड्याने ठोकून करीत. अठराव्या शतकात वेल्समधल्या पाँटिपूलला तो लाटून काढू लागले. पत्रा एकसारखा आणि स्वस्त झाला, वाकवला तरी तुटेना, शिवाय गंजही सहजी धरेना. त्याचे डबे झाले, दिवे झाले, आणि खेळणीही.

जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ अशी धावली. न्यूरेंबर्ग हे आधीपासूनच खेळण्यांचे गाव. शहरातल्या पत्राकामवाल्यांच्या दारावरूनच गाडी जाऊ लागल्यावर तिची नक्कल व्हायला वेळ लागला नाही. या सुरुवातीच्या गाड्यांना रूळ नव्हते, मुले त्या जमिनीवरून दोरीने ओढत.

खरी शक्कल लढवली ती ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने. १८५९ मध्ये सुरू झालेला हा धंदा बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या भांड्याकुंड्यांचा. त्यात त्यांना एक गोष्ट कळली होती: बाहुलीचे घर एकदाच विकले जाते, पण पातेली, चूल, परात दर वर्षी विकता येतात. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली तीही याच हिशेबाने. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळणारे रूळ, आणि रुळांच्या रुंदीची ठरलेली मापे. माप ठरल्यावर या वर्षी घेतलेल्या गाडीला पुढल्या नाताळात नवा डबा जोडता येतो, त्याच्या पुढल्या नाताळात सिग्नल, मग स्टेशन. संग्राहकाचा जन्म माझ्या मते याच जत्रेतला. अपुरेपण वस्तूतच घालून विकलेले होते.

डब्यांवरचे रंग आधी हाताने देत. पुढे पत्र्यावर थेट छपाई आली आणि तिची कुळी खेळण्यांत नाही, बिस्किटांत आहे. दगडी ठशावरून कडक पत्र्यावर नीट छापले जाईना, म्हणून लंडनच्या रॉबर्ट बार्कले यांनी मध्ये एक रोलर घातला. ठशावरची शाई आधी त्या रोलरवर, तिथून पत्र्यावर. त्यांचे पेटंट १८७५ चे. आज ज्या ऑफसेट पद्धतीने आपली वर्तमानपत्रे छापतात, ती कागदाच्या आधी पत्र्यावर चालली, आणि चालवली ती मुख्यतः बिस्किटांचे देखणे डबे काढण्यासाठी. सपाट पत्र्यावर खिडक्या, दारे, कड्या, रिव्हेटची टिकली न टिकली छापायची, मग साच्याने कापून दुमडायचे, आणि कानाच्या पट्ट्या खाचांतून घालून मुडपायच्या. डाग द्यायची गरज नाही, स्क्रूही नको.

या घराण्याचा मराठी सोयरा ग्वाल्हेरला आहे. जयविलास राजवाड्यात माधवराव शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर रूळ मांडलेले आणि त्यांवर चांदीची आगगाडी: सात डबे, प्रत्येकावर शिंदे नावाच्या इंग्रजी रूपातले एकेक अक्षर. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढल्या पाहुण्याकडे निघे. ही गाडी १९०६ साली नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने केली. हीच कंपनी न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंकडून पत्र्याच्या गाड्या बनवून घेऊन इंग्लंडात विकत होती. म्हणजे राजाची चांदीची गाडी आणि सामान्य घरातली पत्र्याची, दोघींचे माहेर एकच. महाराजांना खऱ्या रेल्वेचाही सोस होता. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांचीच.

पहिल्या महायुद्धाने जर्मन माल इंग्लंडात नकोसा झाला आणि लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींना मैदान मोकळे मिळाले. त्यांची पहिली गाडी १९२० ची, मेकॅनोसारखी नटबोल्टांनी जोडायची. मग आले जाहिरातीचे मालडबे: कार, क्रॉफर्ड, जेकब या बिस्किटवाल्यांचे, कॅडबरी चॉकलेटचे, कोलमनच्या मोहरीचे. बिस्किटाच्या डब्यासाठी निघालेल्या कलेने आगगाडीचा डबा सजला, आणि त्या डब्यावर पुन्हा बिस्किटाचीच जाहिरात. कोलमनचा डबा फार थोडा काळ निघाला, म्हणून आज त्याच्यासाठी लिलावात झोंबाझोंबी चालते.

एक गंमत सांगायला हवी. हॉर्नबीचे 'शून्य' माप म्हणजे ३२ मिलिमीटरचे रूळ, मूळ गाडीच्या साधारण ४३ वा हिस्सा. हा हिशेब युरोपातल्या १४३५ मिलिमीटर रुळांचा. परभणीची मीटर गेज गाडी त्याच प्रमाणात उतरवली तर रूळ जेमतेम २३ मिलिमीटरचे येतात, मुंबईची ब्रॉडगेज ३८ च्या पुढे जाते. आपली कुठलीच गाडी त्या रुळांवर बसत नव्हती.

तसा विलायती डबा मराठवाड्यात यायचा तरी कसा? हैदराबाद संस्थानात बाहेरच्या मालावर करोडगिरी बसे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपण्यासाठी आयातीवर बंधने आली. जिंतूरला पत्रा आला तो वेगळ्या वाटेने, रॉकेलचा चौकोनी डबा होऊन. बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया १९२० मध्ये काढली, जमशेदपूरजवळ गोलमुरीला १९२२ मध्ये पत्रा निघू लागला, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे रॉकेलचे डबे. रॉकेल संपले तरी डबा संपत नसे. वरचे तोंड कापून कडी लावली की पाण्याचा डबा, उभा चिरून सपाट केला की गोठ्याचे दार नाहीतर छपराला ठिगळ. उरलेल्या तुकड्यांच्या चिमण्या, माप, चाळणी. त्यानंतरही काही उरलेच, तर खेळणे.

परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उरुसात, औंढ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत पत्र्याची खेळणी मिळत. पाण्याच्या परातीत टरटरत फिरणारी बोट, टकटक करणारा बेडूक, आणि दोन-तीन डब्यांची गाडी. तशी गाडी उलटी करून आत पाहावी. बाहेर निळा रंग आणि खिडक्या, आत मात्र कुठल्याशा तेलाच्या किंवा पावडरीच्या डब्याची उलटी, अर्धी कापलेली छपाई. जपानमध्येही हेच झाले. १९४५ साली मात्सुझो कोसुगे यांनी ओत्सू गावी अमेरिकी सैनिकांच्या रिकाम्या डब्यांतून पत्र्याची जीप बनवली आणि तिथला युद्धोत्तर खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. ती जीप आज संग्राहकांच्या पोथीत आहे. आपल्या जत्रेतल्या गाडीला मात्र कुणी साल लिहिले नाही, कारखान्याचे नावही नाही.

संग्राहकांचे नियम आपल्या घरांच्या अगदी उलटे आहेत. मूळ खोका असेल तर किंमत वाढते, कानाच्या पट्ट्या एकदा उघडून पुन्हा मुडपल्या असतील तर उतरते, नवा रंग दिला असेल तर कोसळते. १९३० च्या दशकातल्या हॉर्नबीची जस्तमिश्रित धातूची चाके धातूतल्या भेसळीने फुगून तडकतात. तीही बदलावी की तशीच ठेवावी यावर वाद झडतात. जिंतूरच्या घरात खेळण्याचा खोका चुलीत जाई, मोडलेला डबा डाग देऊन पुन्हा चाले, आणि अगदीच गेला तर भंगारवाल्याकडे, बदल्यात कांदे. निष्काळजीपणाने नव्हे, पत्र्याची किंमत ठाऊक असल्यामुळे गाड्या उरल्या नाहीत. मौल्यवान तेच वापरले जाते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे लहान गाड्या सिग्नल पाळत धावतात आणि पाहण्यासारख्या धावतात. पण ती कुळी पुढची, पत्र्याच्या नंतरची. १९६० च्या दशकात प्लॅस्टिकने पत्रा हटवला, कंगोरे बारीक आले, बोटे कापायची थांबली. परभणीची मीटर गेजही १९९० च्या दशकात गेली.

या भागातली जत्रेतली गाडी कुणाला जमवायची असेल, तर युरोपचे नियम बाजूला ठेवावेत. ओल्या फडक्याने पुसू नये, पावसाळ्यात बंद ट्रंकेत कोंडू नये, इतके पाळावे. डाग दिलेला डबा नाकारू नये. तो डाग कुणी दिला, कोणत्या गावी, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहून डब्यातच ठेवावे. आणि विकत घेण्याआधी आतली छपाई वाचावी. तेलाचा तो डबा कुणाचा होता हे लागले, तर खेळण्याचे सालही बहुधा लागते.